बैतुलमालाची अमानत

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठीच आहे, जो आकाशांतील आणि धरतीवरील सर्व खजिन्यांचा एकमेव स्वामी आहे; जो कोणाला विपुल देऊन आजमावतो, तर कोणाला मोजून देऊन. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांच्या चरणी अरबस्तानची संपत्ती आली, पण ज्यांच्या घरात कित्येक दिवस चूल पेटत नसे.



मीरा रोडहून मुंबईकडे निघालो की दहिसरचा चेकनाका लागतो. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपुष्टात आली. तोपर्यंत मालाने भरलेल्या गाड्या या नाक्यावर जकात भरण्यासाठी रांगा लावून उभ्या राहत. मराठी भाषेत 'जकात' म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. आपल्यासाठी मात्र जकात हा इस्लामचा एक आधारस्तंभ आहे, नमाजसारखीच एक उपासना आहे. शब्द एकच, पण राजवटींच्या दफ्तरांतून फिरता फिरता त्यातील उपासना गळून पडली आणि केवळ वसुली शिल्लक राहिली.

असे आणखी दोन शब्द पाहा. कोठे ठेव म्हणून पैसे भरले की मराठीत त्याला 'अनामत रक्कम' म्हणतात. हा आपला 'अमानत' शब्दच आहे. बोलण्याच्या ओघात त्याची अक्षरे मागेपुढे झाली. आणि जमाखर्चाला आपण 'हिशेब' म्हणतो. ज्या दिवशी प्रत्येक जिवाला त्याची कर्मे दाखविली जातील, त्या दिवसाच्या झाडाझडतीलाही कुरआन हाच शब्द वापरतो. जकात, अमानत आणि हिशेब, या तीन शब्दांत बैतुलमालाची संपूर्ण शिकवण सामावलेली आहे. बैतुलमाल म्हणजे शब्दशः 'संपत्तीचे घर', राष्ट्राचा सार्वजनिक खजिना. या खजिन्याचा इतिहास काय, अर्थव्यवस्थेतील त्याचे कार्य काय आणि मीरा-भाईंदरच्या वस्तीत राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांचा त्याच्याशी संबंध काय, याचा आज विचार करू या.

खजिना कोणाचा?

कुरआनची पहिली शिकवण अशी की, संपत्तीचा खरा मालक अल्लाह आहे आणि मनुष्य तिचा विश्वस्त आहे. सूरह हश्रच्या सातव्या आयतीत युद्धाविना हाती आलेल्या संपत्तीच्या वाटपाचा आदेश देताना अल्लाहने त्याचे कारणही स्पष्ट केले आहे: ती संपत्ती तुमच्यातील केवळ धनवानांमध्येच फिरत राहू नये. एखाद्या राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचे ध्येय सांगायचे झाल्यास याहून नेमके शब्द सापडणे कठीण आहे. संपत्ती निर्माण व्हावी, व्यापार वाढावा, हे इस्लामला मान्यच आहे; परंतु ती वरच्या वर्तुळातच फिरत राहिली, तर समाजाचे शरीर एका बाजूने सुजते आणि दुसऱ्या बाजूने वाळते. हा प्रवाह तळापर्यंत पोचविणे हे खजिन्याचे काम आहे.

दुसरी शिकवण सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आहे. जकात कोणाला द्यायची हे अल्लाहने स्वतः ठरवून दिले: निर्धन, गरजू, जकातीच्या व्यवस्थेवर नेमलेले कर्मचारी, ज्यांची मने जोडावयाची आहेत असे लोक, बंधनातून सोडवावयाचे गुलाम, कर्जबाजारी, अल्लाहच्या मार्गातील कार्य आणि प्रवासी. या आठ वर्गांत सुलतान नाही, सरदार नाही, मशिदीचा मिनारही नाही. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या यादीत वसुली व वाटप करणाऱ्यांचे वेतन धरलेले आहे. याचा अर्थ असा की, जकात हे केवळ एका हाताने देणे आणि दुसऱ्या हाताने घेणे एवढेच कार्य नसून तिच्यामागे एक व्यवस्था, नोंद आणि जबाबदारी अभिप्रेत आहे.

तिसरी शिकवण हिशेबाची. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची 282 वी, नमाज अथवा रोजाविषयी नाही. ती देण्याघेण्याची लेखी नोंद ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, असा तिचा आशय आहे. आणि सूरह आले इमरानच्या 161 व्या आयतीत इशारा आहे की, जो सार्वजनिक संपत्तीत अपहार करील, तो अंतिम न्यायाच्या दिवशी ती वस्तू घेऊनच हजर होईल.

प्रेषितांचा काळ : कुलूप नसलेला खजिना

मदीनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात बैतुलमालाची स्वतंत्र इमारत नव्हती. बहरीनहून मोठी रक्कम आली, तेव्हा ती मशिदीतच पसरवून ठेवण्यात आली. प्रेषितांनी प्रथम नमाज अदा केली, नंतर वाटपास बसले आणि शेवटचा दिरहम वाटला जाईपर्यंत उठले नाहीत. एकदा अस्रची नमाज होताच ते घाईघाईने लोकांच्या मधून वाट काढीत घरात गेले. अनुयायी चकित झाले. परतल्यावर त्यांनी सांगितले की, घरात थोडे सोने राहिल्याचे स्मरण झाले आणि ते आपल्याकडे अडकून राहावे हे आवडले नाही, म्हणून वाटून टाकण्यास सांगून आलो. लोकांचा हक्क आपल्या छताखाली एक रात्रही राहू नये, ही ती तळमळ होती.

याच काळात सार्वजनिक सेवकाच्या भेटवस्तूंचा प्रश्नही सुटला. इब्नुल-लुतबिय्या नावाच्या वसुली अधिकाऱ्याने परत आल्यावर मालाचे दोन भाग केले: हा तुमचा आणि हा मला भेट मिळालेला. प्रेषित (स.) मिंबरवर चढले आणि त्यांनी विचारले की, हा मनुष्य आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्यापर्यंत आली असती काय? बंधूंनो, चौदाशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजच्या प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. भेट माणसाला मिळते की खुर्चीला, हे ओळखण्याची याहून सोपी कसोटी नाही.

हजरत मुआज (रजि.) यांना येमेनला पाठविताना प्रेषितांनी जे सांगितले, त्यातही खजिन्याचे तीन नियम आहेत. जकात तेथील धनवानांकडून घ्यावी आणि तेथीलच निर्धनांना द्यावी. वसुलीत लोकांच्या सर्वोत्तम वस्तू ओढून घेऊ नयेत. आणि पीडिताच्या हाकेला भ्यावे, कारण ती हाक आणि अल्लाह यांच्यामध्ये कोणताही पडदा नसतो.

खलीफांचा काळ : दिवाण आणि दायित्व

हजरत अबू बक्र (रजि.) खलीफा झाल्यानंतर नित्याप्रमाणे कापड घेऊन बाजाराकडे निघाले. हजरत उमर व हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी त्यांना थांबविले, राज्यकारभार आणि दुकान एकत्र चालणार नाही, म्हणून बैतुलमालातून त्यांच्या कुटुंबापुरते वेतन ठरविण्यात आले. मृत्युसमयी त्यांनी आपल्याकडील सार्वजनिक वस्तू पुढील खलीफाकडे परत करण्याची आज्ञा केली. त्या पाहून हजरत उमर (रजि.) यांच्या डोळ्यांत अश्रू आले आणि ते म्हणाले की, अबू बक्र यांनी आपल्यानंतर येणाऱ्यांचे काम फारच अवघड करून ठेवले.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळात इराक, शाम आणि मिसरमधून महसूल येऊ लागला. तेव्हा हिजरी सन 20 च्या सुमारास त्यांनी 'दिवान' म्हणजे नोंदवही सुरू केली. प्रत्येक कुटुंबाचे नाव, त्याचा हक्क आणि दिलेली रक्कम तीत लिहिली जाई. हाच शब्द पुढे मराठीत 'दिवाण' आणि 'दिवाणी' म्हणून स्थिरावला. आरंभी बालकांना अंगावरचे दूध सुटल्यानंतर वेतन मिळे. एके रात्री गस्त घालताना एका बालकाचे रडणे त्यांच्या कानी पडले. चौकशी केल्यावर कळले की, वेतन लवकर मिळावे म्हणून आई त्याचे दूध वेळेआधीच तोडीत आहे. उमर (रजि.) व्याकूळ झाले आणि त्यांनी जन्मापासूनच वेतन देण्याचा आदेश काढला. खजिन्याचा एक नियम चुकीचा असेल तर त्याची किंमत कोठेतरी एक तान्हे बाळ मोजत असते, हे त्या रात्रीने शिकविले.

इराकची सवादची सुपीक जमीन जिंकल्यानंतर सैनिकांनी ती वाटून मागितली. हजरत उमर (रजि.) यांनी दीर्घ विचारविनिमय केला. सूरह हश्रमध्ये नंतर येणाऱ्यांचाही उल्लेख आहे, त्यांच्यासाठी काय उरेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. अखेर जमीन मूळ शेतकऱ्यांकडेच राहिली, हजरत उस्मान बिन हुनैफ (रजि.) यांच्याकडून तिची मोजणी झाली, तिच्यावर खराज म्हणजे जमीनमहसूल ठरला आणि तो येणाऱ्या पिढ्यांसाठी खजिन्याचा कायमचा झरा बनला. आजच्या भाषेत सांगायचे तर, राष्ट्राचे भांडवल एका पिढीने खाऊन टाकू नये हा तो निर्णय होता.

हिजरी 18 मध्ये दुष्काळ पडला. अन्य प्रांतांतून धान्य मागवून मदीनेत सार्वजनिक पंगती उठू लागल्या आणि सामान्य लोकांना मिळेपर्यंत खलीफांनी तूप व मांस वर्ज्य केले. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी खलीफा हारून रशीदसाठी लिहिलेल्या 'किताबुल खराज' या ग्रंथात आणखी एक घटना नोंदविली आहे. एक वृद्ध, दृष्टिहीन यहुदी दारोदार भीक मागताना हजरत उमर (रजि.) यांना दिसला. त्यांनी त्याला हाताला धरून घरी नेले, जवळचे काही दिले आणि मग बैतुलमालाच्या अधिकाऱ्याला बोलावून अशा लोकांचा कर माफ करण्याची व त्यांना खजिन्यातून साहाय्य देण्याची आज्ञा केली. तारुण्यात ज्याच्याकडून घेतले, त्याला वार्धक्यात वाऱ्यावर सोडणे हा न्याय नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. बैतुलमालाच्या दारात माणसाची गरज विचारली गेली, त्याचा धर्म आड आला नाही.

स्वतःविषयी हजरत उमर (रजि.) म्हणत की, सार्वजनिक संपत्तीच्या बाबतीत आपले स्थान अनाथाच्या पालकासारखे आहे: गरज नसेल तर हात लावायचा नाही, गरज असेल तर रीतीपुरतेच घ्यायचे. हजरत अली (रजि.) बैतुलमालातील सर्व वाटून झाल्यावर ती जागा झाडून घेत आणि तेथेच दोन रकअत नमाज पढत, जेणेकरून ती भूमी कयामतच्या दिवशी साक्ष देईल.

मशीद आणि खजिना यांच्यातील भिंत

कूफा शहर वसले तेव्हाची गोष्ट आहे. तेथील बैतुलमालात चोरी झाली. अधिकारी हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी मदीनेला कळविले. उत्तरात हजरत उमर (रजि.) यांनी पहारेकरी वाढविण्यास सांगितले नाही. मशीद खजिन्यालगत आणा, कारण मशिदीत रात्रंदिवस माणसे असतात, असा त्यांचा आदेश आला. पुढे दमिश्कच्या उमय्या मशिदीच्या अंगणात आठ खांबांवर उभारलेली खजिन्याची घुमटी बांधली गेली; ती आजही तेथे आहे. नमाजींच्या डोळ्यांदेखत, जमिनीपासून उंच, चहूबाजूंनी दिसणारी. खजिन्याचे खरे रक्षण जनतेच्या नजरेने होते, ही समज त्या बांधकामात आहे.

उमय्यांच्या काळात हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांनी हिजरी 99 ते 101 (इ.स. 717 ते 720) अशी जेमतेम अडीच वर्षे राज्य केले. इराकच्या अधिकाऱ्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अबू उबैद (रह.) यांच्या 'किताबुल अमवाल' मध्ये आला आहे. लोकांची वेतने देऊन टाका, असा आदेश गेला. उत्तर आले, देऊनही शिल्लक आहे. मग उधळपट्टीविना कर्जबाजारी झालेल्यांची कर्जे फेडा. तरीही शिल्लक. मग ज्या अविवाहितांना लग्नाची इच्छा आहे पण ऐपत नाही, त्यांचे विवाह लावून द्या. तरीही शिल्लक. मग ज्या बिगरमुस्लिम शेतकऱ्यांना जमीन कसणे जड जाते, त्यांना शेतीसाठी उसने द्या. हा क्रम नीट पाहावा. आधी हक्काचे देणे, मग कर्जमुक्ती, मग संसाराची उभारणी आणि शेवटी उत्पादनासाठी बिनव्याजी भांडवल. खजिन्याने अर्थव्यवस्थेत काय करावे, याचा एवढा नेटका आराखडा एका पत्रव्यवहारात सापडतो.

अमानत ढासळली तेव्हा

इतिहासाची दुसरी बाजू लपविणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. अब्बासी काळात जनतेचा खजिना आणि खलीफाचा खासगी खजिना अशी विभागणी होती. पण पुढे या दोहोंमधील सीमा पुसट झाली. चौथ्या हिजरी शतकाच्या आरंभी खलीफा मुक्तदिरच्या काळात पूर्वजांनी साठविलेली संपत्ती दरबारी उधळपट्टीत संपली आणि पाठोपाठ सत्ताही सेनापतींच्या हाती गेली. आपल्या देशात मोगल अमदानीत 'बैतुलमाल' या नावाला बेवारस मालमत्ता जमा करण्याचे खाते असा अर्थ चिकटला. ज्या नावाने विधवेचे घर चालत होते, ते नाव मृताच्या घराला लागणाऱ्या कुलपाचे झाले. नाव इस्लामी असल्याने व्यवस्था इस्लामी होत नाही.

दख्खनच्या इतिहासात चांगला आदर्शही आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू इ.स. 1626) हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. त्याने महसुलाची मक्तेदारी, म्हणजे जो जास्त बोली लावील त्याला रयत पिळण्याचा परवाना देण्याची पद्धत, बंद केली. प्रत्यक्ष पिकाच्या प्रमाणात मध्यम धारा ठरविला आणि काही हंगामांचा अनुभव घेऊन मग तो रोख रकमेत बसविला. त्याच्या खडकी शहराला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, पाणी देणारी नहर-ए-अंबरी त्याच्या कारभाराची साक्ष आहे. रयतेकडून प्रमाणात घेणे आणि पाण्याच्या रूपाने तिलाच परत देणे, हे खजिन्याचे कामकाज मराठी मुलखाने पाहिलेले आहे.

आणि त्याच मुलखाने उलट गोष्टही पाहिली. भाईंदरच्या खाडीलगतची मिठागरे आपल्या नित्याच्या पाहण्यातील आहेत. इंग्रजांच्या खजिन्याचा एक मोठा भाग याच मिठातून येत असे. 1888 साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपये झाला. मीठ श्रीमंताला जेवढे लागते तेवढेच गरिबालाही लागते. किंबहुना घाम गाळणाऱ्याला अधिक लागते. म्हणजे जो सर्वांत कमी कमावतो, त्याच्याच ताटातून प्रमाणाने सर्वांत जास्त उचलले जाई. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहामागे हा अन्याय होता आणि 1947 च्या एप्रिलपासून तो कर उठला. जकातीची रचना याच्या नेमकी उलट आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या मूल्याइतका निसाब नसेल, तर एक पैसाही नाही. असेल आणि वर्ष उलटले, तर अडीच टक्के. खजिन्याचा न्याय मोजताना म्हणूनच दोन्ही टोके पाहावी लागतात: कोणाकडून घेतले आणि कोणाला दिले.

आजचा राष्ट्रीय खजिना आणि आपण

स्वतंत्र भारताच्या संविधानाने अनुच्छेद 266 अन्वये देशाचा एकत्रित निधी निर्माण केला. कर आणि कर्जरूपाने येणारा पैसा त्यात जमा होतो आणि कायद्याच्या संमतीखेरीज त्यातून एक रुपयाही काढता येत नाही. अनुच्छेद 148 नुसार नियंत्रक व महालेखापरीक्षक त्याचा हिशेब तपासतो. हाच नियम राज्यांना आहे. ही बैतुलमालाची व्यवस्था नाही. तिच्यात व्याज आहे आणि तिचे अनेक मार्ग आपल्या शरीअतचे नाहीत. परंतु सार्वजनिक पैसा राज्यकर्त्याचा खासगी नाही, तो विचारून खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब दिला जावा, हे तत्त्व आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

येथे दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. पहिला असा: आयकर भरतो, मग जकात वेगळी का? उत्तर स्पष्ट आहे. कर हे नागरिक म्हणून असलेले देणे आहे. जकात ही अल्लाहची उपासना आहे, तिला नियत लागते आणि तिचे आठ मार्ग ठरलेले आहेत. कर भरल्याने जकात अदा होत नाही. दुसरा प्रश्न उलट दिशेने येतो: जकात देतो, मग कर चुकविला तर काय बिघडले? बंधूंनो, बरेच बिघडते. सूरह माइदाची पहिलीच आयत करार पाळण्याची आज्ञा देते. या देशात नागरिक म्हणून राहणे हा करार आहे. भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात आपली वृद्ध माता उपचार घेते, महापालिकेच्या शाळेत शेजाऱ्याची मुलगी शिकते, रस्त्यावर दिवा लागतो. हे सर्व सार्वजनिक खजिन्यातून होते. खोटी बिले दाखवून, मालमत्ता कर बुडवून, किंवा पात्र नसताना गरिबाच्या योजनेत नाव घालून जो घेतो, तो कोणा परक्या सरकारला फसवीत नाही. तो त्याच गरिबाच्या वाट्यात हात घालतो.

मोहल्ल्याचा बैतुलमाल

आता आपल्या वस्तीकडे वळू या. 1991 साली पावणेदोन लाख वस्तीचे मीरा-भाईंदर 2011 च्या जनगणनेत आठ लाखांच्या पुढे गेले. मुंबईच्या दाटीतून आणि कोकणातील गावांतून आलेली असंख्य कुटुंबे नया नगर, पूजा नगर, काशीमिरा येथे स्थिरावली. गावात भावकी होती, जुन्या मोहल्ल्यात चार पिढ्यांची ओळख होती. इमारतीत मात्र समोरच्या दाराआड कोण उपाशी आहे हे कळत नाही. पांढरपेशा दिसणारा शेजारी डायलिसिसच्या खर्चासाठी, मुलाच्या शुल्कासाठी किंवा भाड्याच्या घराच्या अनामत रकमेसाठी व्याजाचे कर्ज काढतो आणि त्या जाळ्यातून वर्षानुवर्षे सुटत नाही. तो हात पसरत नाही, म्हणून त्याला कोणी देत नाही. सूरह बकराच्या 273 व्या आयतीत याच लोकांचे वर्णन आहे: ज्यांच्या संयमामुळे अजाण माणूस त्यांना सधन समजतो.

याउलट रमजानमध्ये काय घडते? एक साधे गणित मांडू. समजा, एका वसाहतीतील वीस घरांची जकात प्रत्येकी दहा हजार, म्हणजे एकूण दोन लाख रुपये होते. ती शंभर-शंभरच्या नोटांनी वाटली, तर दोन हजार हातांत जाते आणि ईदनंतर एकही घर गरजेतून बाहेर आलेले नसते. तीच रक्कम एकत्र करून पंचवीस हजारांप्रमाणे दिली, तर आठ कुटुंबे व्याजाच्या कर्जातून मोकळी होऊ शकतात, किंवा शिलाई यंत्र, हातगाडी, दुकानाचा माल घेऊन उभी राहू शकतात. त्यांतील दोन कुटुंबे जरी काही वर्षांनी स्वतः जकात देणारी झाली, तरी प्रवाह फिरला. द्यायचे तर गरज भागेल इतके द्या, असा हजरत उमर (रजि.) यांचा आग्रह होता तो याचसाठी.

येथे शरीअतची एक बाजू नमूद करणे आवश्यक आहे. हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळापासून रोकड, सोने यांसारख्या 'गुप्त' संपत्तीची जकात मालकाने स्वतः द्यावी, अशी मुभा राहिली. म्हणून जो स्वतः पात्र व्यक्तीस, विशेषतः आपल्या गरजू नातलगास, जकात देतो, त्याची जकात निश्चितच अदा होते. कोणीही त्याच्यावर बळजबरी करू शकत नाही. सामूहिक बैतुलमाल ही स्वेच्छेची व्यवस्था आहे. भारतात तिची परंपरा आहे. बिहारच्या फुलवारी शरीफ येथील इमारत-ए-शरीआ 1921 साली स्थापन झाली आणि तिचा बैतुलमाल आजही चालू आहे. नातलगांचा हक्क देऊन उरलेली जकात वस्तीच्या बैतुलमालात द्यावी, एवढेच सुचविणे आहे.

पण लोक देत का नाहीत? कारण विश्वास नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. आणि विश्वास प्रवचनाने येत नाही, हिशेबाने येतो. म्हणून अशा बैतुलमालाने काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी आणि दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे. जकातीचे खाते आणि इतर सदका-देणग्यांचे खाते वेगळे ठेवावे. कारण जकात पात्र व्यक्तीच्या मालकीत गेली पाहिजे, ती बांधकामात किंवा समारंभात लागत नाही. नफली सदक्याच्या खात्यातून बिगरमुस्लिम शेजाऱ्यालाही साहाय्य करावे. यहुदी वृद्धाचा हात धरणाऱ्या खलीफांचा हाच मार्ग आहे. रोख रकमेची पावती त्याच वेळी द्यावी. मदत घेणाऱ्याचे नाव गुप्त राहावे, छायाचित्र कधीही काढू नये. पण किती आले, किती घरांना, कोणत्या कारणासाठी गेले, हे दर महिन्याला मशिदीच्या फलकावर लागावे. कूफ्याच्या खजिन्याला मशिदीची भिंत मिळाली होती. आपल्या हिशेबाला मशिदीचा फलक मिळावा.

भगिनींना विशेष विनंती आहे. कोणत्या घरात चूल मंदावली आहे, कोणत्या मुलीचे शिक्षण थांबणार आहे, हे पुरुषांच्या सभेआधी तुम्हाला कळते. पाहणी आणि पात्रता ठरविण्याच्या कामात तुमचा सहभाग नसेल, तर सर्वांत गरजू घर यादीबाहेर राहील. आपल्या दागिन्यांच्या जकातीचा हिशेबही स्वतः करा आणि मुलांना जवळ बसवून करा. वहीत आकडा मांडताना पाहिलेले मूल पुढे कार्यालयाच्या खुर्चीवर बसले, तरी ती वही विसरणार नाही.

अमानती त्यांच्या हकदारांपर्यंत पोचवा, अशी अल्लाहची आज्ञा सूरह निसाच्या 58 व्या आयतीत आहे. देशाच्या खजिन्याची किल्ली आपल्यापैकी फार थोड्यांच्या हाती येईल. परंतु आपल्या कपाटातील अडीच टक्के ही देखील एक अमानत आहे आणि त्या कपाटाचे खजिनदार आपण आहोत. त्या दिवशी राज्यकर्त्याला राज्याचा हिशेब द्यावा लागेल आणि आपल्याला आपल्या कपाटाचा.

हे अल्लाह! आमच्या संपत्तीला जकातीने शुद्ध कर. आमच्या वस्तीत कोणी उपाशी झोपू नये आणि कोणी व्याजाच्या दारात उभा राहू नये, असे आम्हाला एकमेकांचे आधार बनव. ज्यांच्या हाती सार्वजनिक संपत्ती आहे, त्यांना अमानतीची जाणीव दे; आणि हिशेबाच्या दिवशी आमचा हिशेब सुलभ कर. आमीन.